फ्रेंच जर-वाक्यातील अपूर्णभूत : एका काळरूपाचा इतिहास

फ्रेंच भाषेच्या कोणत्याही प्राथमिक व्याकरणात संकेतार्थी वाक्यांविषयीचा एक नियम हमखास आढळतो. जी गोष्ट वस्तुतः नाही, पण ती असती तर काय झाले असते असे सांगावयाचे असते, तेथे 'जर' ह्या अर्थाच्या 'सि' ह्या अव्ययानंतर क्रियापद अपूर्णभूतात ठेवावे आणि मुख्य वाक्यातील क्रियापद संकेतार्थात ठेवावे, असा तो नियम होय. 'सि जाव्हॅ, ज दॉनरॅ', म्हणजे 'माझ्याजवळ असते तर मी दिले असते', हे त्याचे अगदी साधे उदाहरण. ह्यातील 'जाव्हॅ' हे रूप एरवी निःसंशय भूतकाळाचे आहे. 'माझ्याजवळ होते' किंवा 'माझ्याजवळ असे' हाच त्याचा स्वाभाविक अर्थ. प्रस्तुत वाक्यात मात्र बोलणारा गतकाळाविषयी काहीच सांगत नाही. त्याच्या मनात आजची, क्वचित उद्याचीही, गोष्ट असते. 'सि दमँ इल प्लव्हॅ', म्हणजे 'उद्या जर पाऊस आला तर', अशा वाक्यखंडात उद्याचा वाचक शब्द आणि भूतकाळाचे रूप ही दोन्ही शेजारी शेजारी बसतात आणि फ्रेंच माणसाला त्यात यत्किंचितही विसंगती भासत नाही.

व्याकरणकार हा नियम सांगतो आणि पुढे जातो. विद्यार्थी तो पाठ करतो. परंतु भूतकाळाच्या रूपाने वर्तमान आणि भविष्य का बोलावे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. त्याचे उत्तर भाषेच्या इतिहासात शोधावे लागते. तसे ते शोधू गेल्यास पहिली लक्षात येणारी गोष्ट ही की, हा नियम पुरातन नाही. फ्रेंचची जननी जी लॅटिन, तिच्यात तो नव्हता. फ्रेंचच्या आरंभीच्या वाङ्मयातही असिद्ध संकेताची रूढ रचना ती नव्हे. बाराव्या शतकापासून हळूहळू पुढे येऊन सतराव्या शतकापर्यंत स्थिरावलेली अशी ही एक तडजोड आहे. ती कोणत्या क्रमाने झाली आणि त्या क्रमातून काळरूपांच्या स्वभावाविषयी काय निष्पन्न होते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी काही संज्ञा आधीच निश्चित केलेल्या बऱ्या. अट सांगणाऱ्या उपवाक्यास 'जर-वाक्य' व फल सांगणाऱ्या मुख्य वाक्यास 'तर-वाक्य' म्हटले आहे. संकेताचे तीन प्रकार मानले आहेत : जी गोष्ट पुढे घडणे शक्य आहे पण जिचा भरवसा नाही तो 'संभाव्य' संकेत, जी आज नाही तो 'वर्तमान असिद्ध' संकेत, आणि जी पूर्वी घडली नाही तो 'भूत असिद्ध' संकेत. 'असिद्ध' ह्या शब्दामागे पाणिनीची 'क्रियातिपत्ति' ही संज्ञा अभिप्रेत आहे. युरोपीय व्याकरणात ज्याला स्वार्थाहून वेगळा, मनातील कल्पना, इच्छा वा शंका दर्शविणारा अर्थ मानतात, त्यास 'संभावनार्थ' म्हटले आहे. आधुनिक फ्रेंच रूपे उच्चारानुसार, तर लॅटिन व प्राचीन फ्रेंच रूपे लेखनानुसार देवनागरीत दिली आहेत. उदाहरणांसाठी सर्वत्र 'असणे, जवळ असणे' व 'देणे' ही दोनच क्रियापदे घेतली आहेत. त्यामुळे रूपांतील बदल एका दृष्टिक्षेपात ध्यानी यावा.

*

अभिजात लॅटिनची व्यवस्था नेटकी होती. संभाव्य संकेतासाठी वर्तमान संभावनार्थ : 'सी हाबेआम, दोनेम'. वर्तमान असिद्धासाठी अपूर्णभूत संभावनार्थ : 'सी हाबेरेम, दोनारेम'. भूत असिद्धासाठी पूर्णभूत संभावनार्थ : 'सी हाबुइस्सेम, दोनाविस्सेम'. तीन अर्थ, तीन रूपे. आणि प्रत्येक वेळी जर-वाक्यात व तर-वाक्यात एकच रूप. ही समता ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण आधुनिक फ्रेंचमध्ये नेमकी तीच मोडलेली आहे.

परंतु ही नेटकी व्यवस्थादेखील मुळापासूनची नव्हे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंत नाटके लिहिणारा प्लाउतुस वर्तमान असिद्धासाठी पुष्कळदा वर्तमान संभावनार्थच योजतो, आणि जुन्या लॅटिनमध्ये अपूर्णभूत संभावनार्थ भूत असिद्धासाठीही चालत असे. सिसेरोच्या काळापर्यंत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापर्यंत, अपूर्णभूताने वर्तमान असिद्धाची जागा पटकावली आणि भूत असिद्धासाठी त्याच्याही मागचे पूर्णभूत रूप नेमले गेले. म्हणजे जे रूप काल भूतकाळ दाखवीत होते ते आज वर्तमानाच्या अभावाकडे वळले, आणि भूतकाळाच्या अभावासाठी आणखी एक पाऊल मागे जावे लागले. हा पहिला सरकाव होय.

उत्तरकालीन लॅटिनमध्ये दुसरा सरकाव झाला. शब्दान्ती असलेला 'म्' बोलण्यातून केव्हाच लोपला होता. त्यामुळे 'दोनारेम' हे अपूर्णभूत संभावनार्थाचे रूप आणि 'दोनारे' हे क्रियापदाचे भाववाचक मूळ रूप ह्यांत कानाला भेद राहिला नाही. असे निःशक्त झालेले रूप बहुतेक प्रदेशांतून नष्ट झाले. सार्डिनिया बेटावरील बोलीत तेवढे ते टिकले. त्याची जागा पूर्णभूत संभावनार्थाने घेतली. 'दोनाविस्सेम' हे आखूड होऊन 'दोनास्सेम' झाले आणि प्राचीन फ्रेंचमध्ये ते 'दोनास्से' ह्या रूपाने उतरले. 'हाबुइस्सेम'चे 'एउस्से' झाले. फ्रेंच व्याकरण आज ज्याला 'अपूर्णभूत संभावनार्थ' म्हणते ते रूप व्युत्पत्तीने अशा रीतीने लॅटिनचे पूर्णभूत आहे. येथेही तोच प्रकार : मागचे रूप पुढे आले.

परिणाम असा झाला की, प्राचीन फ्रेंचमध्ये 'से जे एउस्से, जे दोनास्से' ह्या एकाच रचनेवर तिन्ही अर्थांचा भार पडला. आज असते तर, पूर्वी असते तर, पुढे मिळाले तर, ह्या सर्वांसाठी ती चाले. 'शांसों द रोलां' हे वीरकाव्य इ. स. ११०० च्या सुमाराचे मानतात. त्यात पात्रे 'राजा येथे असता तर' अशा धर्तीचे उद्गार काढतात तेव्हा दोन्ही वाक्यांगांत संभावनार्थाचे हेच रूप येते, आणि उद्गार घडून गेलेल्या गोष्टीविषयी आहे की समोर चाललेल्या गोष्टीविषयी आहे हे प्रसंगावरूनच ठरवावे लागते. लॅटिनची समता राहिली, पण तिची सूक्ष्मता गेली.

*

ह्याच सुमारास एक नवे क्रियारूप भाषेत वाढत होते. त्याचा जन्म संकेतासाठी झालेला नव्हता. लॅटिनमध्ये मूळ क्रियारूपापुढे 'असणे, जवळ असणे' हे क्रियापद ठेवून 'करावयाचे आहे' असा अर्थ दर्शविण्याची रीत होती, इ. स. २०० च्या सुमारास लिहिणाऱ्या तेर्तुल्लियानुसच्या गद्यात ती वारंवार दिसते. 'दोनारे हाबेओ', म्हणजे शब्दशः 'मला द्यावयाचे आहे', ह्यापासून फ्रेंचचा भविष्यकाळ बनला. आता 'द्यावयाचे आहे' ह्याऐवजी 'द्यावयाचे होते' असे म्हटले, म्हणजे 'दोनारे हाबेबाम' असे म्हटले, की त्यापासून जे रूप निघते तेच फ्रेंचचे संकेतार्थ : प्राचीन 'दोनरोइये', आधुनिक 'दॉनरॅ'. दोहोंत फरक एवढाच की, एकात साहाय्यक क्रियापद वर्तमानात आहे, दुसऱ्यात अपूर्णभूतात.

लेखी पुराव्यात ही दोन्ही रूपे फार लवकर आढळतात. १४ फेब्रुवारी ८४२ रोजी स्ट्रासबुर येथे घेतल्या गेलेल्या आणि नितार्दुसाने आपल्या इतिहासग्रंथात नोंदविलेल्या शपथांमध्ये हा नवा भविष्यकाळ आहे. त्या शपथांत 'सि'ने आरंभ होणारी वाक्येही आहेत. परंतु ती करारातील खऱ्या अटी आहेत, म्हणून तेथे क्रियापद वर्तमान स्वार्थात आहे. संकेतार्थाचे पहिले रूप त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, इ. स. ८८० च्या आसपास रचलेल्या संत युलालीच्या गीतात मिळते. अवघ्या २९ ओळींचे हे गीत हॉफमान फॉन फालर्सलेबेन ह्या जर्मन विद्वानास १८३७ मध्ये व्हालांसिएन येथील हस्तलिखितात सापडले. 'सोस्तेन्द्रेइएत' हे ते रूप. 'ती सोसील, सोसणे पत्करील' असा त्याचा अर्थ. विशेष असे की, तेथे 'जर' नाही. ते रूप युलालीच्या मनातील निश्चय सांगते. गतकाळातील एका व्यक्तीने पुढच्या गोष्टीविषयी केलेला विचार त्यात व्यक्त झाला आहे.

संकेतार्थाचे हे मूळ कार्य म्हणजे भूतातील भविष्य होय, आणि पुढील इतिहासाची किल्ली येथेच आहे. कोणी म्हणतो, 'माझ्याजवळ असले तर मी देईन.' फ्रेंचमध्ये हा खराखुरा संकेत असल्याने जर-वाक्यात वर्तमान व तर-वाक्यात भविष्य येते. आता हेच बोलणे दुसरा कोणी नंतर वृत्तान्तरूपाने सांगू लागला : 'तो म्हणाला की...'. तेव्हा निवेदनाचे क्रियापद भूतकाळी असल्याने आतील प्रत्येक रूप एक पाऊल मागे सरते. वर्तमानाचे अपूर्णभूत होते. भविष्याचे संकेतार्थ होते. म्हणजेच 'से + अपूर्णभूत, संकेतार्थ' ही जोडी तयार होते, आणि तीही असिद्धतेचा गंध नसताना, केवळ काळाच्या अन्वयाने. पुढे 'तो म्हणाला की' हा भाग गळून पडला, किंवा दुसऱ्याच्या मनातील विचार म्हणून न बोलता गृहीत धरला गेला, की मागे उरलेली जोडी ज्या गोष्टीची हमी बोलणारा स्वतः घेत नाही अशा गोष्टीची वाहक बनते. हमी न घेणे आणि ती गोष्ट नाही असे सुचविणे ह्यांतील अंतर फारसे नाही.

ह्या उपपत्तीला रूपसाम्याची जोड आहे. 'दोनरोइये' ह्या रूपाचे शेपूट म्हणजे 'हाबेबाम' ह्या अपूर्णभूताचाच अवशेष. आणि 'जे आवोइये' हेही त्याच 'हाबेबाम'चे पूर्ण रूप. तर-वाक्यात जो प्रत्यय ऐकू येई, तोच जर-वाक्यातही ऐकू येऊ लागला. लॅटिनमधील दोन्ही अंगांची समता एका अर्थाने अशा रीतीने प्रत्ययाच्या पातळीवर परत मिळाली. लेखन पुढे बदलले. ह्या प्रत्ययाचा उच्चार पालटून कित्येक पिढ्या उलटल्यावरही तो 'ओइ' असाच लिहिला जात असे. व्होल्तेरने त्याविरुद्ध 'आइ' ह्या लेखनाचा कैवार घेतला व फ्रेंच अकादमीने आपल्या कोशाच्या १८३५ च्या आवृत्तीत ते मान्य केले. परंतु अपूर्णभूत आणि संकेतार्थ ह्या दोहोंत तो बदल एकदमच झाला. त्यांचे नाते कधी तुटले नाही.

*

नवी जोडी आली म्हणून जुनी लगेच गेली असे झाले नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिणाऱ्या क्रेतियँ द त्र्वा ह्याच्या काव्यांत दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदतात. मध्ययुगीन ग्रंथांत मिश्र प्रकारही आहेत : जर-वाक्यात संभावनार्थ आणि तर-वाक्यात संकेतार्थ. रोबेर-लेऑं वाग्नेर ह्याने १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'सि'ने आरंभ होणाऱ्या फ्रेंच संकेतवाक्यांचा आरंभापासून सोळाव्या शतकाच्या अखेरपर्यंतचा आलेख काढला आहे. एका अव्ययाच्या वाक्यांसाठी एवढा पल्ला घ्यावा लागला, ह्यावरूनच संक्रमण किती दीर्घ होते ह्याची कल्पना येते.

ह्या संक्रमणात एक व्यवस्था दिसते. नव्या जोडीने प्रथम वर्तमान असिद्ध व संभाव्य ही क्षेत्रे घेतली. जुने संभावनार्थ रूप भूत असिद्धाच्या क्षेत्रात मागे हटत गेले. ज्या रूपावर तीन अर्थांचा भार होता त्याचा भार हलका झाला आणि काळाचा जो भेद प्राचीन फ्रेंचने गमावला होता तो पुन्हा व्यक्त होऊ लागला. भूत असिद्धासाठीही अधिक स्पष्ट रूप हवे होते. त्यासाठी संयुक्त रूप पुढे आले : 'एउस्से एउ', म्हणजे पूर्णभूत संभावनार्थ. सोळाव्या शतकापासून त्याच्याशी स्पर्धा करणारी, सर्वस्वी स्वार्थातील अशी संयुक्त रचना वाढू लागली : 'सि जाव्हॅ यू, जोरॅ दॉने', म्हणजे 'माझ्याजवळ पूर्वी असते तर मी तेव्हा दिले असते'. सतराव्या शतकात दोन्ही मान्य होत्या. पास्कालच्या १६७० मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'पांसे' ह्या ग्रंथातील क्लेओपात्राच्या नाकाविषयीचे सुप्रसिद्ध वाक्य सर्वांना ठाऊक आहे. त्यात जर-वाक्यातील क्रियापद संभावनार्थाच्या पूर्णभूतात असून तर-वाक्यातील संकेतार्थाच्या संयुक्त रूपात आहे. संक्रमणाचे दोन थर एका वाक्यात अशा प्रकारे एकावर एक बसलेले दिसतात.

त्यानंतर संभावनार्थाची जुनी रूपे बोलण्यातून मागे पडली आणि ग्रंथभाषेत उरली. शालेय व्याकरणे त्यांना 'भूत संकेतार्थाचे दुसरे रूप' असे नाव देत आली. हे नाव ऐतिहासिक दृष्ट्या उलटे आहे, कारण वयाने ते रूप पहिले आहे. तथापि जुन्या व्यवस्थेचे काही अवशेष आजही जिवंत आहेत. 'फ्यू-स', म्हणजे 'ते का असेना', असे ठरीव वाक्प्रयोग ग्रंथभाषेत राहिले आहेत. ह्याहून बोलका पुरावा दोन अटींच्या वाक्यात मिळतो. 'तो आला आणि तू येथे असलास तर' असे म्हणताना फ्रेंच भाषक दुसऱ्या अटीपूर्वी 'सि'ची पुनरुक्ती टाळून 'क' हे अव्यय घालतो, आणि त्याबरोबर शिष्ट भाषेत दुसरे क्रियापद संभावनार्थात जाते. 'सि'च्या लगत अपूर्णभूताने जी जागा घेतली ती 'क'च्या लगत त्याला घेता आली नाही. अव्यय बदलताच जुना थर वर येतो.

जमाखर्च मांडावयाचा तर तो असा होईल. लॅटिनजवळ तीन अर्थांना तीन रूपे होती. प्राचीन फ्रेंचजवळ तिहींना मिळून मुख्यतः एक होते. आधुनिक फ्रेंचजवळ दोन आहेत : 'सि जाव्हॅ' हे संभाव्य व वर्तमान असिद्ध ह्या दोहोंसाठी, आणि 'सि जाव्हॅ यू' हे भूत असिद्धासाठी. भूत आणि अभूत ह्यांतील सीमारेषा परत मिळाली. शक्य आणि अशक्य ह्यांतील सीमारेषा मात्र मिळाली नाही. 'माझ्याजवळ पैसा असता तर' असे फ्रेंचमध्ये म्हणणारा मनुष्य आशा करीत आहे की खंत करीत आहे, हे रूपावरून सांगता येत नाही.

फ्रेंचच्या भगिनीभाषांनी ह्याच प्रश्नाची वेगळी उत्तरे काढली. इटालियनने जर-वाक्यात संभावनार्थ राखला आणि तर-वाक्यासाठी संकेतार्थ घडविला. मात्र तेथे साहाय्यक क्रियापद अपूर्णभूतातील नसून पूर्ण झालेल्या क्रियेच्या भूतकाळातील आहे. स्पॅनिशने तर-वाक्यात फ्रेंचसारखाच संकेतार्थ घेतला, पण जर-वाक्यात संभावनार्थ ठेवला. त्यातील एक रूप लॅटिनच्या पूर्णभूत स्वार्थापासून आलेले आहे, म्हणजे तेथेही एक भूतरूप अभावाकडे सरकले. रुमेनियनने दोन्ही अंगांत संकेतार्थ वापरून समता टिकविली. दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितान फ्रेंचच्या वाटेने गेली. बोलभाषेतील इटालियन तर दोन्ही अंगांत अपूर्णभूत स्वार्थ सहज वापरते. मार्ग निराळे असले तरी असिद्धतेसाठी भूतकाळाच्या कोठाराकडे वळण्याची प्रवृत्ती ह्या बहुतेकांत समान आहे.

*

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. भूतकाळाचेच रूप का, आणि भूतरूपांपैकी अपूर्णभूतच का?

ह्याचे एक उत्तर अपूर्णभूताच्या अन्य उपयोगांत मिळते. 'ज व्हुलॅ', म्हणजे 'मला हवे होते', असे म्हणून फ्रेंच मनुष्य आत्ताचीच विनंती सौम्यपणे पुढे ठेवतो. लहान मुले खेळ मांडताना 'मी राजा, तू चोर' अशी सोंगे अपूर्णभूतात वाटून घेतात. 'आणखी एक पाऊल, आणि तो पडत होता', म्हणजे पडलाच असता, अशी न घडलेली गोष्टही फ्रेंच अपूर्णभूतात सांगतो. ह्या शेवटच्या प्रकाराचे बीज लॅटिनमध्येही होते. ह्या सर्वांत भूतकाळ नाही. बोलणाऱ्याच्या प्रत्यक्ष 'आत्ता'पासून घेतलेले अंतर मात्र आहे. दामुरेत व पिशाँ ह्या व्याकरणकारांनी म्हणूनच ह्या रूपाला भूतकाळाचे नाव न देता लॅटिनच्या 'तेव्हा' ह्या अर्थाच्या शब्दावरून एक नवीन नाव दिले. 'आत्ता'च्या जगाहून निराळ्या जगाचे ते रूप होय, असे त्यांचे मत. साबिने इयाट्रिडू हिने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आधुनिक ग्रीक व इतर भाषांच्या आधारे हेच अधिक काटेकोरपणे मांडले : भूतप्रत्यय काहीतरी वगळतो, काळाविषयी बोलणे असेल तर तो बोलण्याचा क्षण वगळतो, जगाविषयी असेल तर प्रत्यक्ष जग वगळतो.

दुसरे उत्तर अपूर्णतेत आहे. ग्युस्ताव्ह गियोमने १९२९ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे फ्रेंच अपूर्णभूत क्रियेचा काही भाग झालेला आणि काही व्हावयाचा अशा अवस्थेत तिला दाखविते. पूर्ण झालेली क्रिया घडून चुकली. तिला 'नसती तर' असे म्हणण्यास जागा उरत नाही. अपूर्ण क्रियेची दुसरी बाजू उघडी राहते, आणि कल्पनेला तेथूनच प्रवेश मिळतो.

मराठी वाचकाला ह्या दुसऱ्या उत्तराची सत्यता स्वभाषेत पडताळता येते. 'तो येता तर बरे होते', 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' ह्या वाक्यांतील 'येता', 'असता', 'असते' ही संकेतार्थाची रूपे ताख्याताची आहेत. ज्या धातुसाधितापासून मराठीचा चालू काळ बनतो त्याच अपूर्णतावाचक साधितापासून ती आली आहेत. येथे भूतप्रत्यय नाही, तरी अपूर्णता आहे. उलट, संस्कृत लृङ् ह्या लकाराची घडण फ्रेंच संकेतार्थाशी विलक्षण जुळते : 'अभविष्यत्' ह्या रूपात भविष्याचे अंग आहे, आणि त्याला पुढे-मागे लङ् ह्या भूतकाळाची चिन्हे आहेत. भूतातील भविष्य हीच ती घडण. दोन भाषांमध्ये हजारो कोसांचे व शतकांचे अंतर असता, आणि एकीने दुसरीकडून काही घेतलेले नसता, तीच सामग्री त्याच कामी यावी, ह्याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

*

ह्या इतिहासाचा एक व्यावहारिक पैलूही आहे. फ्रान्समधील शाळांतून मुलांना 'सि'ला 'रॅ' आवडत नाही, अशा आशयाची एक सुटसुटीत म्हण शिकवितात. 'सि'नंतर संकेतार्थ घालू नये, हा तिचा अर्थ. असा निषेध पुनःपुन्हा करावा लागतो तो लोक तसे बोलतात म्हणूनच. लहान मुलांच्या बोलण्यात, अशिक्षितांच्या बोलीत आणि कॅनडातील बोलभाषेत 'सि'नंतर संकेतार्थ सर्रास ऐकू येतो. लुई पेर्गोच्या १९१२ मधील कादंबरीवरून ईव्ह रोबेरने १९६२ मध्ये काढलेल्या 'ला गेर दे बुतों' ह्या चित्रपटात एक चिमुरडा मुलगा अशाच 'चुकीच्या' वाक्याने पश्चात्ताप व्यक्त करतो, आणि ते वाक्य सबंध देशाच्या तोंडी बसले. उत्तर स्पेनच्या काही भागांत स्पॅनिशमध्येही जर-वाक्यात संकेतार्थ येतो.

हे केवळ अज्ञान मानणे शास्त्रीय ठरणार नाही. आँरी फ्रे ह्याने १९२९ मध्येच चुकांचे व्याकरण लिहून असे प्रतिपादिले की, चुका बहुधा भाषेच्या एखाद्या गरजेतून जन्मतात. येथील गरज समतेची आहे. लॅटिनमध्ये दोन्ही अंगांत एकच रूप होते. प्राचीन फ्रेंचमध्येही होते. रुमेनियनमध्ये आजही आहे. संस्कृत व मराठीतही आहे. आधुनिक शिष्ट फ्रेंचची विषम रचना हाच ह्या पंक्तीत अपवाद आहे. फ्रेंच शिकणारा मराठी विद्यार्थी 'असते तर... असते' ह्या स्वभाषेतील सममित साच्यावरून दोन्हीकडे संकेतार्थ घालण्याचा संभव असतो. त्याने शिष्ट लेखनात नियम पाळलाच पाहिजे. परंतु त्याची चूक अतार्किक आहे असे त्याच्या शिक्षकाने त्याला सांगू नये. ज्या प्रवृत्तीने फ्रेंच बालक चुकते, तीच त्याच्या चुकीमागे आहे.

नियमाचे शिक्षणही ह्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण करता येईल. 'सिल प्लव्हॅ', म्हणजे 'पाऊस असला की', ह्यानंतर मुख्य वाक्यातही अपूर्णभूत आले तर अर्थ होतो 'पाऊस असला की आम्ही घरी राहत असू'. तेथे खरा गतकाळ आहे. संकेतार्थ आला तर अर्थ होतो 'पाऊस असता तर आम्ही घरी राहिलो असतो'. तेथे गतकाळ नाही. जर-वाक्य अक्षरशः एकच असून त्याचा काळ तर-वाक्य ठरविते. ह्यावरून 'सि'नंतरचे अपूर्णभूत स्वतःच्या बळावर असिद्धता सांगत नाही, हे स्पष्ट होते. ते अंतर सांगते. ते अंतर काळाचे समजावयाचे की वास्तवाचे, हे जोडीदार रूपाकडून कळते. ज्या वृत्तान्तकथनातून ही जोडी जन्मली असावी त्याची खूण आजच्या वाक्यातही अशी शाबूत आहे.

तात्पर्य, 'सि जाव्हॅ' ह्या दोन शब्दांमागे प्लाउतुसापासून आजतागायतचा एक सलग व्यवहार आहे. जे नाही ते बोलावयाचे म्हणजे 'आत्ता'पासून एक पाऊल मागे व्हावयाचे. ते रूप वापरून वापरून वर्तमानाजवळ आले, की त्याच्याही मागचे रूप घ्यावयाचे. लॅटिनमध्ये हे दोनदा घडले, फ्रेंचमध्ये संभावनार्थ सोडून स्वार्थात तिसऱ्यांदा घडले. म्हणून अपूर्णभूत भूतकाळाचे असूनही वर्तमान सांगते, असे म्हणण्यापेक्षा व्याकरणाने दिलेले 'भूत' हे नाव त्या रूपाच्या कार्यक्षेत्राहून अरुंद आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. काळरूपांची नावे ही त्यांच्या एका उपयोगाची नावे असतात. त्यांचा स्वभाव त्यांच्या समग्र इतिहासातूनच उमगतो.